मीठ कसंय?

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. विषय आहे बदक. पाण्यात पोहणारं नव्हे, पातेल्यात शिजणारं! वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. ज्यांच्या घरी सामिष चालत नाही त्यांनी हा लेख खुशाल सोडून द्यावा. पण शेवटपर्यंत वाचलात तर लक्षात येईल की हा लेख पूर्णपणे बदकाबद्दल नाहीच.

तर झालं असं. माझा नातू (मुलीचा मुलगा) हैदराबादला हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. गेल्या हिवाळ्यात चार दिवस सुटी होती, म्हणून लातूरला आईकडे जाण्याआधी तो नांदेडला माझ्याकडे उतरला. हातात बॅग आणि काखेत थर्माकोलचा डबा. मला वाटलं, मिठाई असेल. उघडून बघतो तर आत बर्फ, आणि बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत दोन लालसर तुकडे.

"काय रे हे?"

"आबा, बदकाचं ब्रेस्ट. आम्हाला कॉलेजात शिकवलंय. तुमच्यासाठी आणलंय, तुम्हाला प्रोटीन पाहिजे ना!"

मी डोक्याला हात लावला. आयुष्याची सत्तरी उलटली, पण बदक खाल्लं नव्हतं. खाल्लेला माणूसही आमच्या पंचक्रोशीत ठाऊक नव्हता. बदकाशी माझा संबंध आला तो दुसरीच्या वर्गात, गदिमांचं ते कुरूप पिल्लाचं गाणं पोरांकडून म्हणून घेताना. माझ्या शाळेतल्या निम्म्या पोरांनी बदक पाहिलं होतं ते पुस्तकातल्या चित्रातच. कुठून पाहणार? बदकाला तळं लागतं. आणि आमचा लातूर जिल्हा म्हणजे, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं तो जिल्हा. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. जिथे माणसांसाठी पाणी रुळावरून येतं तिथे बदक कोण पाळणार? आपल्या देशात बदकं पाळतात ती बंगालात, आसामात, केरळच्या कुट्टनाडात, जिथे भाताची खाचरं आहेत आणि पाण्याला तोटा नाही. आमच्याकडे कोंबडी. उकिरडा उकरून पोट भरणारी, उन्हातान्हात वाढणारी, घोटभर पाण्यावर भागवणारी. प्रत्येक मुलुखाचा पक्षी त्या मुलुखासारखाच असतो.

आता "तुम्हाला प्रोटीन पाहिजे" ही काय भानगड, ते सांगायला हवं.

आमची 'ही' गेली त्याला आता तीन वर्षं होतील. त्यानंतर मी एकटाच. मुलगा पुण्याला, मुलगी लातूरला. दोघंही म्हणाले, आमच्याकडे या. पण माणसाला आपला ओटा, आपली खुर्ची आणि आपली खिडकी सोडवत नाही. इथेच पीपल्स कॉलेजात बी.ए. केलं होतं, म्हणून निवृत्तीनंतर हौसेने नांदेडला घर बांधलं. आता सत्तरीत नवं गाव नको वाटतं. एक बाई दुपारी येऊन भाकरी-भाजी करून जायच्या. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी एक भाकरी, थोडी भाजी, वाटीभर वरण. रात्री उरलेली भाकरी दुधात कुस्करून, नाहीतर मऊ खिचडी. पोट भरत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग एके दिवशी न्हाणीघरातून उठताना पायात जोरच येईना. भिंतीला धरून कसाबसा उभा राहिलो. पडलो नाही हे नशीब. डॉक्टरांकडे गेलो. वजन भरलं ५२ किलो. 'ही' होती तेव्हा ६१ होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि मग एक गमतीची परीक्षा घेतली. म्हणाले, गुरुजी, हात छातीशी बांधा आणि खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. आयुष्यभर पोरांना उठाबशा काढायला लावणारा मी, तिसऱ्या उठाबशीलाच हात सोडून खुर्ची धरली.

ते म्हणाले, "तुम्हाला रोग काही नाही. तुमचे स्नायू झिजताहेत. वय झालं की ते थोडे झिजतातच, पण तुम्ही त्यांना खायलाच घालत नाही."

मी हिशेबाचा माणूस नाही, पण घरी येऊन वहीत हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आणि आयसीएमआरने २०२० साली ठरवून दिलेलं माप असं आहे: प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं. माझ्या ५२ किलोला ती झाली ४३ ग्रॅम. म्हाताऱ्यांच्या आहाराचा अभ्यास करणारे तज्ज्ञ त्याहून जास्त सांगतात, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. म्हणजे ५२ ते ६२. आणि माझ्या पोटात काय जात होतं? एका भाकरीतून सहा ग्रॅम, वरणाच्या वाटीतून पाच, दुधातून चार-पाच, टोस्ट-भाजी-खिचडी सगळं धरून कशीबशी पंचवीस ते तीस. पेपर तपासणाऱ्या मास्तराच्या भाषेत सांगायचं तर साफ नापास!

मला १९७२ आठवलं. त्या दुष्काळात मी विशी-बाविशीचा होतो. रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं, खडी फोडणारी माणसं, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि वाटपातली सुकडी. तेव्हा घरात नव्हतं म्हणून माणसं वाळली. आणि मी घरात सगळं असून वाळत होतो. का? तर समोर बसून "अजून अर्धी घ्या" म्हणणारं कुणी नव्हतं. मंडळी, म्हाताऱ्या माणसाची उपासमार अशी असते. डबे भरलेले असतात आणि भूक मेलेली असते.

तर ही हकीकत मुलीकडून नातवाला कळली होती, आणि म्हणून हा बदकाचा प्रपंच.

आता पाककृतीकडे येऊ. नातवाने रात्रभर तुकडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ उतरू दिला. सकाळी स्वच्छ कागदाने टिपून अगदी कोरडे केले. एका बाजूला बोटाएवढ्या जाडीची पांढरी कातडी आणि चरबी, दुसऱ्या बाजूला मांस. रंग बघून मी चकित झालो. कोंबडीच्या छातीचं मांस पांढरट असतं, हे तर मटणासारखं लाल! नातू सांगू लागला, आणि त्या दिवशी मी विद्यार्थी झालो. कोंबडी उडते ती भिंतीपर्यंत, फडफड करून लगेच खाली. तिच्या छातीच्या स्नायूंना दीर्घ काम नाही. बदक मुळातला लांब उडणारा पक्षी. सतत पंख मारायचे तर स्नायूंना सतत प्राणवायू लागतो, आणि तो साठवून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं लाल द्रव्य त्यात भरलेलं असतं. त्यात लोह असतं, म्हणून रंग लाल. पाळलेलं बदक आता उडत नाही, पण वाडवडिलांची देणगी अंगात राहिलेली. माणसाचंही तसंच नाही का?

मग त्याने धारदार सुरीने कातडीवर चौकड्या पाडल्या. शंकरपाळ्याला पाडतो तशा, पण मांसाला धक्का न लावता. मीठ चोळलं. तवा उचलला आणि गॅसच्या ओट्याकडे निघाला.

"थांब," मी म्हणालो. "आत नाही."

"का हो आबा?"

"मागच्या अंगणात. तिथे छोटी शेगडी लावून देतो."

"पण आजी तर आता..." एवढं बोलून पोरगं थांबलं. शहाणं आहे.

आता हे 'आत नाही' म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या घरात माझे वडील, आम्ही भाऊ सगळे खाणारे. आणि 'ही' आली ती वारकऱ्याच्या घरातून, गळ्यात तुळशीची माळ घालून. लग्न १९७६ चं. तेव्हा माझी शाळा अहमदपूर तालुक्यात, आणि तो तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात. पुढे १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला आणि आमची बदली न होताच जिल्हा बदलला! तर सांगत काय होतो, हिच्या माहेरी कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. इकडे सासऱ्यांना रविवारी कोंबडी लागायची. माझ्या आईला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. मग करणार कोण?

हिने केलं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. परसात तीन दगडांची चूल मांडली. जर्मनचं एक पातेलं, एक पळी, एक पाटा वेगळा ठेवला. ती भांडी कधी घरात आली नाहीत. कांदा-खोबरं भाजायचं, काळा मसाला घालायचा, रश्श्याला दाटपणा यायला मूठभर येसर लावायचं. येसर म्हणजे धान्यं-डाळी आणि मसाले भाजून दळलेलं आमच्या भागातलं पीठ. बाजूच्या तव्यावर भाकऱ्या. सगळं झालं की पातेलं आमच्यासमोर ठेवायची, आंघोळ करायची आणि मग आत जाऊन आपलं वरण-भाकरी खायची. आषाढी-कार्तिकी, एकादशी, सोमवार, श्रावण सोडून चाळीसच्या वर वर्षं हे असंच चाललं. घर बदललं, चुलीची शेगडी झाली, पण जागा मागच्या अंगणातच. आणि मंडळी, तिने त्या रश्श्याचा थेंबही कधी जिभेवर ठेवला नाही.

म्हणून मी म्हणालो, आत नाही. मी काही फार देवभोळा नाही. पण चाळीस वर्षं एका माणसाने एक रेघ सांभाळली, ती त्याच्या माघारी पहिल्याच पाहुण्या बदकासाठी पुसायची का?

असो. मागच्या अंगणात शेगडी लागली. नातवाने कातडी खाली करून तुकडे ठेवले ते थंड तव्यात, तेलाचा थेंब न घालता, आणि मग बारीक आच केली. मला वाटलं, करपणार. पण तवा हळूहळू तापला तशी चरबी वितळू लागली. दहा-बारा मिनिटांत तव्यात वाटीभर तूप साचलं आणि कातडी पापडासारखी तांबूस, कुरकुरीत झाली. घाई केली तर वरून करपतं आणि चरबी आतच राहते, असं त्याचं म्हणणं. ते तूप त्याने वाटीत काढून ठेवलं, तुकडे उलटले, आणखी चार-पाच मिनिटं ठेवले.

इथे आमचा वाद झाला. तो म्हणाला, आत गुलाबी ठेवायचं, हॉटेलात तसंच देतात. फ्रान्समध्ये ओश गावच्या आंद्रे दागँ नावाच्या आचाऱ्याने १९५९ च्या सुमारास बदकाची छाती बीफच्या तुकड्यासारखी कमी शिजवून द्यायला सुरुवात केली, त्याआधी तिकडेही ती शिजवून मुरवूनच खात, वगैरे. मी म्हणालो, बाबा रे, आचाऱ्याचं खरं असेल, पण माझं वय त्र्याहत्तर आहे. मग त्यानेच कबूल केलं की अमेरिकेचं कृषी खातं कोणत्याही पक्ष्याचं मांस आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सांगतं. म्हातारे, लहान पोरं, गरोदर बायका यांनी तर ते पाळावंच. त्याच्याकडे टोचायचा तापमापक होता. टोचून ७४ केलं, तुकडा पाच मिनिटं झाकून ठेवला म्हणजे रस आत जिरतो, आणि मग आडव्या पातळ चकत्या कापल्या.

दुसरा तुकडा मात्र मी माझ्या ताब्यात घेतला. म्हटलं, एक तुझा, एक आमच्या पद्धतीचा. ते बदकाचं तूप पातेल्यात घालून त्यातच कांदा परतला, वाटण घातलं, काळा मसाला, येसर, पाणी, आणि दिलं रटरटायला. नातू म्हणत होता, आबा, छातीचं मांस असं उकळू नका, रश्श्याला तंगडी पाहिजे. मी ऐकलं नाही. शिक्षकाची जात!

आणि मग मिठाची वेळ आली.

मी पळीने थोडा रस्सा तळहातावर घेतला, चाखला, मीठ घातलं. परत चाखला, परत चिमूट घातली. नातू बघत होता. सहज म्हणाला, "आबा, आजी तर चाखायचीच नाही ना? मग तिला मीठ कसं कळायचं?"

मंडळी, माझा हात थांबला. चाळीस वर्षं! एवढ्या रविवारांत एकदाही हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. वर्गात पोरांना म्हणायचो, प्रश्न विचारा, 'का' आणि 'कसं' विचारा. आणि माझ्याच अंगणात रोज उभा असलेला 'कसं' मला दिसला नाही. खारट झालंय असं कधी झालं नाही, अळणी झालंय असंही आठवत नाही. म्हणजे आपण त्याला हाताचा अंदाज म्हटलं आणि पुढे जेवत राहिलो.

मी काहीच बोललो नाही. जेवायला बसलो.

आता निकाल सांगतो, खोटं कशाला बोलू. नातवाचा तुकडा अप्रतिम झाला होता. कातडी कुरकुरीत, मांस मऊ, चव कोंबडीपेक्षा मटणाला जवळची. माझ्या रश्श्याचा रस्सा झकास, पण मांस चिवट! माझ्या कवळीने हात टेकले. शेवटी नातवाने ते बारीक चिरून दिलं. रस्सा मात्र भाकरी कुस्करून दोघांनी संपवला. छातीचं मांस कमी वेळ भाजायचं आणि रश्श्याला हाडाचं घ्यायचं, हा धडा त्र्याहत्तराव्या वर्षी गिरवला.

पोषणाचंही सांगतो, कारण सगळी सुरुवात तिथूनच झाली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे कातडी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या बदकाच्या मांसात साधारण १८ ग्रॅम प्रथिनं, ६ ग्रॅम चरबी आणि १३० च्या आसपास उष्मांक असतात. लोह सुमारे २.४ मिलिग्रॅम. कोंबडीच्या छातीत प्रथिनं जरा जास्त, पण लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच. म्हणजे लोहाच्या बाबतीत बदक मटणाच्या पंगतीत बसतं. शिवाय मांसातलं लोह शरीर सहज घेतं, भाजी-डाळीतलं तितकं सहज घेत नाही. त्यावर लिंबू पिळलं तर ते जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. ब-१२ हे जीवनसत्त्वही त्यात मिळतं, आणि ते धान्य-डाळीत मिळतच नाही.

पण कातडीसकट धरलं तर हिशेब उलटतो. कच्च्या कातडीसकट १०० ग्रॅमला जवळजवळ ४०० उष्मांक आणि ३९ ग्रॅम चरबी! म्हणून ती तव्यावर वितळवून काढणं हे चवीपुरतं नाही, तब्येतीचंही काम आहे. त्या चरबीतली निम्मी शेंगदाणा तेलात असते तसल्या प्रकारची आहे आणि साधारण तिसरा हिस्सा साजूक तुपासारखी थिजणारी. विष नाही, पण वाटी तोंडाला लावायचीही नाही. ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत किंवा ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे, त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणि खरं सांगू का? या सगळ्यासाठी बदकच पाहिजे असं मुळीच नाही. नातवाने त्या दोन तुकड्यांना किती पैसे दिले ते कळल्यावर माझा घास घशात अडकला. तेवढ्यात मला कित्येक आठवडे अंडी आली असती. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. हुलग्याचं माडगं, मुगाची उसळ, वाटीभर दही. हिला ब-१२ कमी आहे म्हणून डॉक्टरांनी एकदा अंडं खायला सांगितलं होतं. ती हसली आणि माळेला हात लावला. मग इंजेक्शनं घेतली, आणि दूध, डाळ, शेंगा यांवर शेवटपर्यंत ताठ चालली. पाच काय, पंधरा उठाबशा काढल्या असत्या तिने. तेव्हा पक्ष्याचं नाव महत्त्वाचं नाही. रोज, वेळेवर, पुरेसं खाणं महत्त्वाचं.

रात्री मुलीचा लातूरहून फोन आला. बदकाची सगळी हकीकत नातवाने सांगितली, हसून झालं. मग मी फोन घेतला आणि विचारलं,

"माय, तुझी आई ते मीठ कसं ओळखायची गं?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही? मी मोठी झाल्यावर मला चाखायला द्यायची. वाटीत थोडा रस्सा घालून परसातच उभं करायची. मी सांगायचे, कमी आहे, बरोबर आहे."

"आणि तू नव्हतीस तेव्हा? तुझं लग्न झाल्यावर?"

"तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघायची."

"म्हणजे?"

"आई दाराच्या आडून तुमचा पहिला घास बघायची. तुम्ही काही बोलायचे नाहीत कधी. पण पहिल्या घासानंतर पाण्याचा तांब्या घेतला तर समजायची, मीठ जास्त पडलं. भाकरीचा दुसरा तुकडा लगेच मोडला तर बरोबर. पुढच्या रविवारी हात तसा कमी-जास्त करायची. मला सांगायची, तुझे बाबा बोलत नाहीत, पण त्यांचं तोंड बोलतं."

मी फोन ठेवला. मागच्या अंगणात जाऊन बसलो. शेगडी गार झाली होती. ते जर्मनचं पातेलं नातवाने घासून पालथं घातलं होतं, त्याच्या जागी, नळाशेजारी.

ती विचारायची खरं. आता आठवतं. पहिल्या काही वर्षांत भाकरी वाढताना हळूच विचारायची, "आवं, मीठ कसंय?" आणि मी वर्तमानपत्रातून मान न काढता "हूं" म्हणायचो. त्या 'हूं'चा अर्थ तिने काय लावावा? मग कधीतरी तिने विचारणं सोडलं आणि बघणं सुरू केलं. जिभेवर थेंब न ठेवता तिने त्या पातेल्याची चव माझ्या चेहऱ्यावरून वाचली. आणि मी, भाषेचा शिक्षक, मला "छान झालंय" हे दोन शब्द सापडले नाहीत. पोरांच्या वहीवर लाल शाईने 'छान' लिहिताना कधी कंजूषी केली नाही. घरात मात्र शाई संपली होती जणू.

दुसऱ्या दिवशी नातू लातूरला निघायचा होता. लोहा-अहमदपूर-चाकूर रस्त्याने तीन-साडेतीन तासांची एस.टी. जाण्याआधी त्याने मला तीन अंड्यांचं ऑम्लेट करून दिलं, मागच्या अंगणातच, मी न सांगता तिथेच शेगडी लावून. ताटली माझ्यासमोर ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मी पहिला घास घेतला. वर बघितलं तर पोरगं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतं.

ही सवय रक्तातून येते की काय, कोण जाणे.

मी घास गिळला आणि मोठ्याने म्हणालो, "मीठ बरोबर आहे रे. फार छान झालंय."

पोरगं हसलं. "आबा, एवढं ओरडून कशाला सांगताय?"

त्याला काय सांगणार! आवाज जरा लांब पोचवायचा होता.

आता माझं वजन ५५ आहे. सकाळी दोन अंडी मी स्वतः करतो. दुपारच्या बाईंना वरण घट्ट करायला सांगितलं आहे, आणि त्या भाकरी वाढतात तेव्हा मी त्यांना रोज सांगतो, आज भाजी चांगली झाली, आज मीठ किंचित कमी आहे. पहिल्या दिवशी त्या घाबरल्या. आता त्याच आधी विचारतात, "गुर्जी, मीठ कसंय?"

मंडळी, तुमच्या घरी आज जे शिजलं असेल ते खा. पण खाताना मान वर करा. आणि काय वाटलं ते बोला.